तारेत विरघळणारे संदेश

१८५८ च्या ऑगस्ट महिन्यात आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांना जोडणाऱ्या समुद्रतळावरील तारेने व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांकडे गेला. शब्द होते ९८. वेळ लागला सुमारे १६ तास. एका टोकास दिलेला विजेचा आखूड, रेखीव स्पंद दुसऱ्या टोकास पसरट होऊन बाहेर पडे व मागून येणाऱ्या स्पंदात मिसळून जाई.

अधिक जोराची वीज हाच यावर उपाय, असे तारेचे विद्युत्प्रमुख व्हाइटहाउस यांस वाटले. त्यांनी सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला. आधीच सदोष असलेली ती तार काही आठवड्यांत मुकी झाली. निदानच चुकले होते. आणि व्हाइटहाउस तर मूळचे शल्यवैद्य! तारेची लांबी दुप्पट झाली की विलंब चौपट होतो, हे विल्यम थॉमसन यांनी गणिताने आधीच दाखविले होते. पुढे थॉमसन व फ्लीमिंग जेनकिन यांनी निराळी युक्ती योजिली: प्रत्येक स्पंदापाठोपाठ एक उलट स्पंद सोडावयाचा, म्हणजे तारेत रेंगाळणारा विद्युत्भार निपटून निघतो.

तीच अडचण आज संगणकाच्या वीतभर तांब्याच्या पट्टीतही उभी राहते. कोणताही रेखीव स्पंद मंद व शीघ्र अशा अनेक लहरींचा बनलेला असतो. शीघ्र लहरींचा प्रवाह तांब्याच्या केवळ पृष्ठभागातून वाहतो, आणि भोवतालचा विद्युत्‌रोधक पदार्थही त्यांची शक्ती शोषून घेतो. त्यामुळे अनेक शून्यांनंतर आलेला एकटा ‘एक’ पुरती उंची गाठण्यापूर्वीच त्याची वेळ संपते.

पुढचा अंक कोणता, हे धाडणाऱ्या मंडलास अगोदरच ठाऊक असते. म्हणून बदलणाऱ्या अंकास ते पूर्ण जोर देते, व तोच अंक पुन्हा आला की हात आखडता घेते. २००३ च्या सुमारास आलेल्या पहिल्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीत एका मार्गिकेवरून सेकंदास २५० कोटी अंक जात. पुनरावृत्त अंकाचा दाब सुमारे दोन-तृतीयांश ठेवला जाई.

घेणारे मंडलही समकरण करते. म्हणजे दुबळ्या झालेल्या शीघ्र लहरींना उचलून धरते. मात्र त्यांच्यासवे नको असलेला गोंगाटही वाढतो. यासाठी आणखी एक उपाय योजितात. ओळखलेल्या अंकाची मागे राहिलेली शेपटी किती असेल हे हिशेबाने काढून ती पुढच्या अंकातून वजा केली जाते. गोंगाट वाढत नाही खरा. पण एक अंक चुकीचा ओळखला गेला की वजाबाकीही चुकते, आणि त्यामागचा अंकही धोक्यात येतो.