कलमी बोराला गावठी बोरं का लागतात?

जासई, उरण, पनवेल भागात बंगल्याच्या आवारात कलमी बोराचं झाड हौसेनं लावलं जातं. दोन-तीन वर्षांनी त्याला बारीक, आंबट बोरं आली की ‘झाड बिघडलं’ किंवा ‘इथली माती मानवली नाही’ असा समज होतो. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं.

बोर हे बदरी कुलातलं (ऱ्हॅम्नेसी) झाड. कलमी रोप म्हणजे खाली गावठी बोराचा खुंट (मुळांसकटचं बुंध्याचं झाड) आणि त्यावर भरलेला उमराण किंवा कडाकासारख्या जातीचा डोळा (फांदीवरचा कोंब). दोन्ही एकजीव होऊन वाढतात, पण त्यांची जात बदलत नाही. जोडाच्या खालून फूट आली तर तिला गावठी बोरंच लागणार. ही फूट जोमदार असते. खालच्या मजल्यावरचा नळ सताड उघडा राहिला की वर पाणी चढत नाही, तशी ती कलमाची वाढ मारते.

म्हणून बुंध्यावरचा जोड शोधावा. तिथे फुगीर गाठ किंवा वाक दिसतो. त्याखालची फूट कोवळी असतानाच बुंध्यालगत काढावी. तिची पानं सहसा लहान आणि काटे जास्त असतात.

बोराला फळ नव्या फुटीवर धरतं. त्यामुळे हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या सुमारास, जोडाच्या वरच्या फांद्यांची छाटणी जरूर करावी. पावसाळ्यात आळ्यात पाणी साचू देऊ नये.