नळावरचा शब्द आणि रोमचा गुलाम

पहाटे चारला नळाला पाणी येतं. हंडा पुढे-मागे झाला म्हणून रांगेतलं कोणीतरी एक शब्द टाकून बोलतं. पाणी पाचला जातं, तो शब्द मात्र संध्याकाळपर्यंत डोक्यात राहतो. भाकरी करपते, पोराच्या पाठीत विनाकारण धपाटा बसतो, रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होतं. झोप नाही, डोकं ठणकतं, छातीत जळजळतं अशा तक्रारी घेऊन भेटणाऱ्या ताई-मावशींशी बोलताना पुष्कळदा मुळाशी असाच एखादा शब्द सापडतो.

म्हणून या वेळी एका गुलामाची ओळख करून देतो. इ. स. ५०च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस गावी तो जन्मला. त्याचं नाव एपिक्टेटस. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थच मुळी 'मिळवलेला', म्हणजे मालमत्तेत आलेला. माणसाला नावसुद्धा वस्तूचं! पायाने अधू असलेला हा माणूस रोममध्ये बादशहा नीरोच्या एका कारभाऱ्याच्या घरी राबत होता, आणि तो कारभारीही पूर्वी गुलामच होता. तशाही स्थितीत तो मुसोनियस रूफस या गुरूंकडे स्टोइक विचार शिकला. पुढे त्याची सुटका झाली. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं तेव्हा तो ग्रीसमधल्या निकोपोलिसला गेला आणि तिथे शिकवू लागला. स्वतः त्याने काही लिहिलं नाही. त्याचं बोलणं एरियन या विद्यार्थ्याने टिपून ठेवलं. नंतरचा बादशहा मार्कस ऑरेलियस स्वतःच्या मनाला समजावताना याच गुलामाचा आधार घेत असे.

त्याचं सांगणं साधं आहे. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. त्यांची गल्लत करू नका. आपलं मत, आपली इच्छा, आपण उचललेलं पाऊल हे आपलं. दुसऱ्याचं तोंड, साहेबाची मर्जी, पाऊस, बाजारभाव हे आपलं नाही. त्याच्या घरातला लोखंडी दिवा एकदा चोरीला गेला. तो म्हणाला, उद्या मातीचा आणू. माणूस घटनेपेक्षा तिच्या लावलेल्या अर्थाने जास्त पोळतो, हेही त्याचंच सांगणं. १९५०च्या दशकात अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आपली उपचारपद्धती उभी केली तेव्हा एपिक्टेटसचं ऋण उघड मान्य केलं.

पण इथे थांबायला हवं. 'सोस, मनावर घेऊ नकोस' हे आपल्या आज्या-पणज्यांनी फार ऐकलंय आणि ते सांगणाऱ्यांच्याच सोयीचं होतं. स्टोइकांनीही गुलामगिरी मोडायची चळवळ केली नाही. गुलामांना माणसासारखं वागवा असं लिहिणाऱ्या सेनेकाच्या घरी गुलाम होतेच. ही उणीव आम्ही झाकणार नाही. 'हातात नाही' याचा अर्थ 'गप्प बसा' असा कोणी लावला, तर तो विचार आपल्या कामाचा नाही.

आपल्या कामाचं आहे ते हातात काय आहे हे शोधणं. स्टोइक लोक तिरंदाजाचा दाखला देत. नेम धरणं त्याचं काम, बाण सुटल्यावर वारा त्याच्या ताब्यात नसतो. रेशनकार्डाचा अर्ज घ्या. नीट भरणं, पोच घेणं, आठवड्याने पुन्हा जाऊन विचारणं हे आपलं. बाबू कधी सही करील हे नाही. जातीवरून कोणी बोललं तर त्याचं तोंड आपलं नाही, पण साक्षीदारांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवणं आणि १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार देणं आपलं आहे. ते आधी करा. कागद हातात आला की मनातली घरघरही थोडी बसते, असा आमचा अनुभव आहे.

सेनेकाची एक सवय मात्र जरूर घेण्यासारखी आहे. रात्री दिवा मालवला, बायको बोलायची थांबली की तो दिवसाचा झाडा घेई: आज कुठे चुकलो, कुठे उगाच चिडलो? आणि मग स्वतःला माफही करी. रागावर उशीर हेच मोठं औषध, असं तो मानायचा. नळावरचं उत्तर हंडा घरी ठेवून आल्यावर द्यायचं, एवढंच करून पाहा. आमच्या ओळखीच्या धुणीभांडी करणाऱ्या एक ताई हे करतात. त्या हसत म्हणतात, "घरी येईस्तोवर निम्मं उत्तर विसरायलाच होतं."

मात्र दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर तिथे एपिक्टेटस पुरणार नाही. तो आजार आहे, त्याला औषध आहे. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. एकट्याने फोन करायला संकोच वाटला तर वस्तीतल्या आशाताईंना शेजारी बसवून घ्या.