जलविभाजक पाहायचा तर कन्नड घाटात

दहावीच्या भूगोलाचा पेपर 40 गुणांचा. पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, पण पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा. चाळीसगावच्या मुलांना त्यासाठी लांब जायला नको. सातमाळा-अजिंठा रांगेच्या अलीकडे पडलेला पाऊस तितूर, गिरणा, तापीमार्गे अरबी समुद्रात जातो; कन्नड घाट चढून पलीकडे गेले की तोच पाऊस शिवना-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतो. एवढा ठसठशीत जलविभाजक शाळेजवळ असणे हे भाग्यच! घाटात बेसॉल्टचे थरही उघडे दिसतात. 31 ऑगस्ट 2021 रोजी याच डोंगरांतल्या अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगाव शहरात पाणी शिरले, घाटात दरडी कोसळल्या. शिक्षकांनो, यंदाची क्षेत्रभेट घाटमाथ्यावर न्या; पावसाळा संपल्यावरच.