घरी आलेली कचेरी आणि तिचा जमाखर्च

११ मार्च २०२० रोजी नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला आणि पुढच्या दोन आठवड्यांत, म्हणजे २५ मार्चपासून, सारा देश उंबरठ्याच्या आत जाऊन बसला. त्यानंतरच्या दोन वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबांनी एक अपूर्व प्रयोग अनुभवला. कचेरी घरी आली, तिच्या पाठोपाठ शाळा आली, आणि काही घरांत तर रुग्णालयही आले. त्या काळाविषयी बोलताना आज लोक दोन टोकांना जातात. काहींना तो सक्तीच्या सुटीचा काळ वाटतो, तर काहींना आठवते ती केवळ भीती. परंतु या दोहोंच्या मधली एक गोष्ट बव्हंशी विचाराबाहेर राहिली. कचेरी घरी आली तेव्हा तिच्या चाकरीचा खर्च कोणी सोसला, हा तो प्रश्न होय. संकट ओसरले म्हणून तो प्रश्न ओसरलेला नाही. कारण घरून काम करण्याची पद्धत अनेक व्यवसायांत अंशतः का होईना, टिकून राहिली आहे.

त्या पहिल्या उन्हाळ्यातील नागपुरी घर डोळ्यांसमोर आणावे. मे महिन्याच्या अखेरीस पारा ४६ अंशांच्या वर गेलेला. कूलर बहुधा एकाच खोलीला. त्यामुळे दुपारी सगळे घर त्या एका खोलीत गोळा होणार. मिहानमधील संगणक कंपनीत नोकरी करणारा मुलगा जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसलेला. शिक्षिका असलेली सून दुसऱ्या टोकाला भ्रमणध्वनी उभा करून वर्ग घेते आहे. तिचे स्वतःचे मूल तिसऱ्या पडद्यासमोर दुसऱ्या कोणा शिक्षिकेचा वर्ग ऐकते आहे. आणि आजोबांना दूरचित्रवाणीचा आवाज बारीक ठेवण्याची आज्ञा झालेली आहे. कूलरची घरघर थांबवली तर उकाडा, चालू ठेवली तर पलीकडच्या माणसाला बोलणे ऐकू येत नाही. अशा चार कामांच्या गर्दीतून उठून कूलरमध्ये पाणी भरणारी, दर तासाला चहा मांडणारी, आणि जेवणाच्या वेळी ते टेबल पुन्हा जेवणाचे करणारी व्यक्ती कोण होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

घरात बसून अर्थार्जन करणे ही वस्तुतः नागपूरला नवी गोष्ट नव्हे. या शहराच्या जुन्या वस्त्यांतून कोष्टी कुटुंबांचे हातमाग घरातच असत. पुरुष मागावर बसे. सूत उकलणे, कांड्या भरणे ही कामे घरातील स्त्रिया आणि मुले करीत. धोतरा-लुगड्याची किंमत विणकराच्या हातात पडे. त्यामागे उभ्या असलेल्या चार हातांची वेगळी मजुरी कोणी मोजत नसे. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. गिरणीने काम घरातून उचलून आपल्या आवारात नेले. भोंगा वाजला की काम सुरू, भोंगा वाजला की काम बंद, अशी काळाची आणि जागेची स्पष्ट फाळणी झाली. गिरणीत पिळवणूक नव्हती असे नव्हे; पण कामाचे तास किती, याबद्दल भांडता तरी येत होते. घरातल्या मागावर ते भांडण कोणाशी करायचे, हाच प्रश्न होता.

जवळच्या भंडारा-गोंदिया भागात मात्र विडीच्या धंद्याने काम घरातच ठेवले. तेंदूची पाने आणि तंबाखू घरी न्यायची, विड्या वळायच्या, आणि हजारामागे ठरलेली मजुरी घ्यायची. येथे जागा, दिवा, पाणी सगळे कामगार स्त्रीचे. मालकाची जबाबदारी माल देण्या-घेण्यापुरती. अशा घरकामगाराला कामगार म्हणून मान्यता देण्यासाठी १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. घर हेही कामाचे ठिकाण असू शकते, ही गोष्ट भारतीय कायद्याला अशी सहा दशकांपूर्वीच ठाऊक झालेली आहे. सुशिक्षित नोकरदारांच्या बाबतीत मात्र २०२० मध्ये जणू ती प्रथमच कळल्यासारखा सर्वांचा व्यवहार झाला.

कचेरी चालविण्यास काय लागते, याची यादी कोणताही हिशेबनीस देऊ शकेल: भाड्याची जागा, वीज, टेबल-खुर्ची, झाडलोट, पिण्याचे पाणी, चहा, आणि शांतता. यांतील शेवटची वस्तू सोडली तर बाकीच्या साऱ्या आस्थापनेच्या वहीत खर्च म्हणून दिसतात. कचेरी घरी आल्याबरोबर या रकमा त्या वहीतून निघाल्या आणि कुटुंबाच्या वहीत येऊन पडल्या. काही आस्थापनांनी खुर्चीसाठी वा इंटरनेटसाठी पैसे दिले, हे मान्य केले पाहिजे. पण तो त्यांच्या सौजन्याचा भाग होता. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला कचेरीचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. पगारदाराला घरातील टेबलाचा आणि विजेचा खर्च तसा वजा करता येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरील बंधने सैल केली, ती कंपन्यांची सोय पाहून. त्याच वर्षाच्या अखेरीस सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा आला; त्यात परस्परसंमतीने घरून काम करू देण्याची तरतूद होती. परंतु खर्चाचा आणि वेळेचा प्रश्न मुख्यतः त्या संमतीवरच सोपविला गेला. एक बाजू नोकरी देणारी आणि दुसरी ती टिकविण्यासाठी धडपडणारी असेल, तर अशा संमतीला कितीसा अर्थ उरतो?

येथे अर्थशास्त्रातील एक जुने उदाहरण आठवते. केंब्रिजचे प्राध्यापक आर्थर पिगू यांनी कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील १९२० च्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी विवाह केला, तर राष्ट्राचे उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच, करणारी तीच. फक्त पगार थांबला, म्हणून मोजणी थांबली. विद्यार्थी हे उदाहरण ऐकून हसतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. २०२० च्या एप्रिलमध्ये मात्र ते नागपुरातील घराघरांत, थोड्या निराळ्या रूपात, खरे होऊन उभे राहिले. मोलकरणींना सोसायट्यांची फाटके बंद झाली. भांडी तेवढीच राहिली. किंबहुना माणसे दिवसभर घरी असल्यामुळे ती वाढली. ती घासली जातच होती, पण आता घरच्या बाईकडून. राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीतून एक मजुरी गळाली, एका बाईची चूल विझत आली, दुसरीचा दिवस दोन-तीन तासांनी लांबला, आणि भांडी पूर्वीइतकीच स्वच्छ होती!

या एका व्यवहारात दोन स्त्रियांचे नुकसान झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिलीचे नुकसान रोख होते. बंद काळातही पूर्ण पगार पोचविणारी कुटुंबे या शहरात होती. तशी न वागणारीही होती. पगार देणे-न देणे हे मालकिणीच्या दयेवर राहिले, कारण घरकामाला करारही नसतो आणि रजाही नसते. रूपा कुळकर्णी यांच्या पुढाकाराने मोलकरणींची संघटना जेथे उभी राहिली, त्या नागपूरला हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा राज्य शासनाने नोंदणीकृत घरेलू कामगारांना १५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. या वाक्यातील ‘नोंदणीकृत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जिची नोंद नाही तिच्यासाठी मदतही नाही; आणि काम घराच्या चार भिंतींत चालत असल्यामुळे नोंद राहून जाणे फार सोपे.

दुसऱ्या स्त्रीचे नुकसान वेळेचे होते, आणि वेळ मोजण्याची आपल्याकडे फारशी चाल नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच्या वर्षात, देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरातील विनामोल कामांत दिवसाकाठी ८१.२ टक्के स्त्रियांचा सहभाग होता, पुरुषांचा २६.१ टक्के. ही कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत, पुरुष ९७ मिनिटे. पाच तासांचा हा बोजा कचेरी घरी येण्यापूर्वीचा आहे. त्यावर शाळेचा, चहाचा, चार वेळच्या स्वयंपाकाचा थर नंतर चढला.

साथीने पुरुषांना काहीच शिकविले नाही काय? शिकविले, पण धडा टिकला नाही. अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे यांनी कुटुंबांच्या नियतकालिक पाहणीतील आकडेवारी तपासून दाखविले की, एप्रिल २०२० मध्ये पुरुष घरकामाला अधिक वेळ देऊ लागले होते आणि स्त्री-पुरुषांतील अंतर कमी झाले होते. मात्र ऑगस्टपर्यंत ती सुधारणा पुष्कळशी मागे सरकली. २०२४ च्या वेळ-विनियोग पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ मिनिटे आहे आणि पुरुषांचा ८८. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली हे खरे. पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. कुकर लावण्याचे, भाजी निवडण्याचे जे कौतुक त्या दिवसांत छायाचित्रांसह मिरविले गेले, त्याचा मुक्काम एवढाच होता.

दुसऱ्या लाटेत घराने आणखी एक भार उचलला. एप्रिल २०२१ मध्ये नागपूर जिल्ह्यात एकेका दिवशी सात हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले. मेडिकल आणि मेयो भरून वाहत होती. तेव्हा सौम्य लक्षणांच्या रुग्णांना गृह विलगीकरण हाच मार्ग होता. विलगीकरण या शब्दात एक स्वतंत्र खोली गृहीत धरलेली आहे. सुधार प्रन्यासाच्या आखीव वस्तीतील घराला ती देता आली. सतरंजीपुरा वा मोमिनपुऱ्यातील दाटीवाटीच्या घराला कोठून देता येणार? पहिल्या लाटेत तेथील शेकडो माणसांना उचलून संस्थात्मक विलगीकरणात न्यावे लागले, ते उगीच नव्हे. आणि तेथील हातावर पोट असणाऱ्याला तर घरून काम करण्याचा पर्यायच नव्हता. त्याच्या लेखी घरी बसणे म्हणजे उपाशी बसणे. घरून काम ही गैरसोय असली तरी सुस्थितांची गैरसोय होती, हे विसरून चालणार नाही.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: घरातल्या कामाचा हिशेब मांडणे म्हणजे मायेला बाजारात उभे करणे होय. आक्षेप वरवर भारदस्त आहे. पण आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या मुलीला त्याबद्दल पैसे द्या, असे कोणी म्हणत नाही. तिचा जो वेळ त्यात गेला तो गेला, एवढे मान्य करा, इतकेच म्हणणे आहे. जो खर्च मोजला जात नाही तो फुकट मानला जातो. आणि जे फुकट आहे त्याची उधळपट्टी होते, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक धडा आहे. मायेचा अपमान मोजण्याने होत नाही. तिला गृहीत धरण्याने होतो.

घरून काम करण्याचे लाभही आहेत. प्रवासाचा वेळ वाचतो, वृद्ध आईवडिलांना सोबत मिळते, बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागणाऱ्या स्त्रीला एक वाट खुली राहते. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने ही वाट, मालकाशी ठरवून, मोकळी केलीच होती. म्हणून ही पद्धत मोडीत काढावी असे नव्हे. तिला नियमाच्या चौकटीत आणावे, असे आहे. कामाचा दिवस किती वाजता संपतो हे लेखी ठरावे. जागा, वीज आणि साधने यांच्या खर्चाचा वाटा मालकाने उचलावा. मोलकरणीची नोंदणी तिने खेटे घालून नव्हे, तर वस्तीत येऊन व्हावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये गृहाधारित कामाविषयी करार संमत केला. घरून काम करणाऱ्याला इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, हे त्याचे सूत्र. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. त्याचा विचार आता तरी व्हावा.

राहिला प्रश्न कुटुंबाच्या आतल्या वाटणीचा. तेथे ना कायदा पोचतो, ना निरीक्षक. ते टेबल आता पुन्हा जेवणाचे टेबल झाले आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस त्यावर अजूनही संगणक उघडला जातो. उन्हाळा आला की कूलर पुन्हा खिडकीत बसतो आणि त्यात पाणी भरावेच लागते. ते भरण्यासाठी यंदा टेबलावरून कोण उठते, हे ज्याने-त्याने आपापल्या घरात पाहावे.