विंडो वाढली, चौकट तेवढीच

१९९१ साली व्हिज्युअल बेसिक आलं आणि फॉर्म बनवणं माऊसने चौकोन ओढण्याइतकं सोपं झालं. टेक्स्टबॉक्स जिथे ठेवाल तिथेच राहायचा. हाच त्याचा गुण आणि हाच दोष. विंडो मोठी केली की उजवीकडे नुसता राखाडी पट्टा उघडा पडे आणि पत्त्याची लांब ओळ मात्र पूर्वीसारखीच अर्धी दडलेली राही.

उपाय एकच होता. रिसाइझ इव्हेंटमध्ये स्वतः हिशेब मांडायचा: फॉर्मच्या आतल्या रुंदीतून दोन्हीकडचं अंतर वजा करून उरेल ती टेक्स्टबॉक्सची रुंदी. मापं ट्विपमध्ये, इंचाला १४४०. विंडो फार लहान झाली की उत्तर ऋण येई आणि प्रोग्राम एरर देऊन बंद पडे, म्हणून विंडो मिनिमाइझ आहे का, हे आधी तपासावं लागे. नंतर कुणी मधेच एक रकाना वाढवला की सगळी मापं पुन्हा. अनेकांनी मग विंडोची कडच पक्की करून टाकली, म्हणजे ती ताणताच येऊ नये! आळस म्हणा, पण त्यात व्यवहार होता.

खरं तर उत्तर तेव्हाच दुसरीकडे तयार होत होतं. बर्कलीत जॉन ऑस्टरहाउट यांनी लिहिलेल्या टीके या टूलकिटमध्ये चौकटीची जागा वेगळा व्यवस्थापक ठरवत असे. १९९६ च्या सुमारास तिथे ग्रिड आली आणि प्रश्नाचे दोन तुकडे स्वच्छ वेगळे झाले. वाढलेली जागा कोणत्या कॉलमला द्यायची हे वेट सांगतं; त्या जागेत चौकटीने कोणत्या कडांना चिकटायचं हे स्टिकी सांगतं. नुसतं स्टिकी दिलं तर काहीच हलत नाही, कारण वेट मुळात शून्य असतं. नुसतं वेट दिलं तर कॉलम रुंदावतो आणि चौकट त्याच्या मधोमध जुन्याच मापाची राहते. फॉर्म एखाद्या फ्रेममध्ये असेल तर हेच बाहेरच्या विंडोलाही सांगावं लागतं. नवशिके आजही नेमके इथेच अडतात. जावाच्या ग्रिडबॅगमध्येही हीच जोडी वेगळ्या नावांनी होती. तिची खोड मात्र कुप्रसिद्ध: जागा जराशी कमी पडली की मजकुराची चौकट एकदम किमान मापावर येई, जेमतेम एक फट उरे.

लोकांना रुचला तो अँकर. १९९८ च्या डेल्फी ४ मध्ये आणि पुढे २००२ च्या विंडोज फॉर्म्समध्ये तो होता. चौकट डावी-उजवी दोन्ही कडांना बांधली की ताणली जाते, फक्त उजवीला बांधली की सरकते. समजावायला अर्धं मिनिट पुरतं. पण अँकरला विंडोची कड कळते, शेजारी कळत नाही. शेजारी-शेजारी दोन चौकटी ताणायला ठेवल्या की एक दुसरीवर चढते. इंग्रजी लेबलाच्या जागी लांब जर्मन शब्द आला तरी चौकट बाजूला होत नाही. आपल्याकडे वेगळीच अडचण: रोमन अक्षरांच्या उंचीला बेतलेल्या चौकटीत देवनागरीच्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. क्यूटीसारखी टूलकिट फॉन्ट पाहून उंची ठरवतात, तिथे हा त्रास कमी. विंडोज फॉर्म्सला टेबल लेआउट मिळाला तो २००५ मध्ये.

२०११ मध्ये ॲपलने ऑटो लेआउट आणला. दोन घटकांमधली नाती समीकरणांत लिहायची आणि ती सोडवायला वॉशिंग्टन विद्यापीठात जन्मलेला कॅसोवरी अल्गोरिदम. सुंदर काम, पण नाव-पत्त्याच्या फॉर्मला ते जड पडतं.

एवढं सगळं हाताशी असूनही विंडोजमध्ये पाथ हे लांबलचक व्हेरिएबल विंडोज १० च्या आधी एका न ताणणाऱ्या, एकाच ओळीच्या चौकटीतून बदलावं लागे. म्हणून फॉर्म ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी विंडो एकदा दुप्पट रुंद आणि एकदा निम्मी करून पाहा, आणि रकान्यात पूर्ण पत्ता मराठीत टाइप करा.