चुकलेला निरोप

गेल्या दिवाळीत आम्ही धाडला मावशीकडे गेलो होतो. धाड म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले बाजाराचे गाव. विदर्भ संपत येतो आणि मराठवाडा सुरू होऊ पाहतो, अशा ठिकाणी वसलेले. फराळाची ताटे नुकतीच समोर आली होती, तोच मावशीचा मोबाइल किणकिणला. तिने चष्मा चढविला, निरोप वाचला आणि काकांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत का? आपल्या पाल्याची दुसऱ्या सहामाहीची फी भरायची राहिली आहे म्हणे!"

घरात हशा पिकला. कारण मावशीचे 'पाल्य' पुण्यास नोकरीला आहे, आणि त्या पाल्याच्याही पाल्याला आता मिसरूड फुटू लागले आहे!

हा निरोप काही पहिला नव्हता. जूनमध्ये मावशीने नवे सिमकार्ड घेतले, तेव्हापासून कुणा अनोळखी माणसाचा सगळा संसार तिच्या हातातल्या यंत्रात येऊन पडत होता. आज गॅसची टाकी निघाली, उद्या कर्जाचा हप्ता थकला, परवा कुणाच्या साखरपुड्याचे आमंत्रण! "त्या मुलीला मी मनातल्या मनात आशीर्वादही देऊन टाकला," मावशी सांगत होती.

पण एक निरोप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. श्रावणातल्या एका संध्याकाळी तो आला. 'आपला रक्ततपासणीचा अहवाल तयार आहे. डॉक्टरांना त्वरित भेटावे.' त्यातल्या 'त्वरित' या शब्दाने मावशीची झोप उडविली. ज्याला भेटायचे तो स्वस्थ बसला असेल आणि निरोप आपल्या उशाशी पडून राहील, हे तिला सोसेना. सकाळी तिने प्रयोगशाळेत फोन लावला.

"संगणकात हाच नंबर आहे, मावशी," पलीकडची मुलगी म्हणाली.

"असेल ग. पण तो माणूस इथं नाही ना!"

रुग्णाचे नाव सांगता येणार नाही, असे ती मुलगी म्हणाली, आणि ते बरोबरच होते. मावशी म्हणाली, "मला नाव नकोच. तू फक्त त्याला गाठ." तरी मावशीला तीन वेळा फोन करावा लागला. तिसऱ्या खेपेस कुणी तरी जुनी नोंदवही उघडली. त्या गृहस्थाने आपला नवा क्रमांक केव्हाच कळविला होता आणि वहीत तो शाईने लिहिलेलाही होता! पण नवी संगणकप्रणाली बसविताना तिच्यात जुनीच यादी उतरली. वहीला ठाऊक होते ते यंत्राला ठाऊक नव्हते. त्या गृहस्थाला निरोप मिळाला आणि त्याच दिवशी तो डॉक्टरांकडे गेला.

असे का होते? पूर्वीच्या पाकिटावर नाव असे, वडिलांचे नाव असे, गाव, तालुका, जिल्हा असे. शिवाय 'मारुतीच्या देवळामागे' अशी खूणही असे. एक गोष्ट चुकली तरी उरलेल्या तिघी तिला सावरून घेत. वर पोस्टमन घरोघरी ओळखीचा. "अण्णा आता या घरात राहत नाहीत," असे म्हणून तो पत्र पुढच्या आळीला नेऊन देई. मोबाइलच्या निरोपाला मात्र पत्ता एकच, दहा आकडे. तो निरोप आधी कंपनीच्या संदेशकेंद्रात जातो. तिथे त्याची साठवण होते, मग त्या क्रमांकाचा फोन सापडला की तो पुढे रवाना होतो. फोन कुणाच्या हातात आहे, हे केंद्र विचारीत नाही.

आणि क्रमांक तर भाड्याच्या खोलीसारखे! एक बिऱ्हाड गेले की दुसरे येते. २०२३ च्या नोव्हेंबरात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्या ग्राहकाला दिला जात नाही, हे तेथे स्पष्ट झाले. आणि आपली खासगी माहिती पुसून टाकण्याची काळजी जुन्या ग्राहकानेही घ्यावी, असे न्यायालयाने सुचविले. पण बँक, शाळा, दवाखाना यांच्या यादीत जुना क्रमांक तसाच राहिला, तर नव्वद दिवस काय आणि नऊशे दिवस काय!

यंत्राचा घोटाळा कुठवर जाऊ शकतो, ते अमेरिकेत दिसले. २०१९ च्या १४ फेब्रुवारीस सिनिव्हर्स या कंपनीचा एक संगणक बंद पडला आणि १,६८,००० हून अधिक निरोप त्यात अडकले. नोव्हेंबरात दुरुस्तीचे काम चालू असता ते सारे एकाएकी सुटले. मधल्या काळात निवर्तलेल्या माणसांचेही निरोप त्यांत होते! त्या घरांत काय झाले असेल, याची कल्पनाच करावी. आपल्याकडेही मार्च २०२१ मध्ये व्यापारी संदेश गाळण्याची नवी पद्धत सुरू होताच बँकांचे ओटीपी लोकांना मिळेनासे झाले, आणि ती पद्धत आठवडाभर थांबवावी लागली.

चुकणे नवे नाही. शुभेच्छांच्या तारेला ठरावीक मजकुराचे क्रमांक असत. एक आकडा चुकला की मजकूरच बदले. ती तारही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. सारख्या नावांची गावे आणि नाना भाषांतले पत्ते यांमुळे पत्रे भरकटत, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी होते, आणि ते संस्कृतचे कवीही होते! पण वेलणकरांचे सहा आकडे पत्त्याच्या मदतीला आले होते. नाव-गाव पुसायला नव्हे. आजच्या दहा आकड्यांनी पत्त्याची जागाच घेतली आहे.

तेव्हा गृहिणींनो, सिमकार्ड बदलण्यापूर्वी एक कागद घ्या. बँक, आधार, गॅस, विमा, शाळा, दवाखाना अशी यादी करा आणि जिथे तिथे नवा क्रमांक कळवा. दुसऱ्याचा ओटीपी आला, तर तो कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगू नका. आणि कामाचा निरोप चुकून आलाच, तर पुसून टाकण्याआधी धाडणाऱ्याला एक फोन करा.

फराळ आटोपल्यावर मावशीने त्या शाळेलाही फोन लावला. सुट्टी होती, कुणी उचलला नाही. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयात शाळा उघडण्याच्या तारखेवर पेन्सिलीने लिहून ठेवले, 'फीचे सांगणे.'

काका म्हणाले, "अग, आपलं पोर नाही ते!"

"नसेना का," मावशी म्हणाली, "वर्गात उभं त्यालाच करतील ना?"