खुब्याच्या एक्स-रेची नको ती भीती

औष्णिक वीज केंद्रात उमेदीची वर्षं घातलेल्या माणसाला एक्स-रेची धास्ती वाटली तर नवल नाही. दीपनगरसारख्या केंद्रात ओव्हरहॉलिंग निघालं की बॉयलरच्या ट्यूबांचे वेल्डिंगचे जोड रेडिओग्राफीने तपासतात. त्या वेळी दोरी बांधतात, धोक्याच्या पाट्या लावतात, आसपासची माणसं हटवतात. ते बरोबरच आहे. त्या कामात बहुधा इरिडियम-192 वापरतात आणि त्यातून रात्रंदिवस किरण निघतच असतात, म्हणून तो जाड कवचात ठेवावा लागतो. दवाखान्यातल्या मशीनमध्ये असा पदार्थच नसतो. तिथे विजेवर चालणारी नळी असते. बटण दाबलं की क्षणभर किरण निघतात, सोडलं की थांबतात. खोलीत, चादरीवर किंवा अंगात काहीच उरत नाही. घरी आल्याबरोबर नातवाला खुशाल कडेवर घ्यावं.

‘एका एक्स-रेने कॅन्सर होतो’ हेही सर्रास ऐकू येतं. खुब्याच्या एका फिल्मला साधारण 0.7 मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी किरण लागतात. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट आपसूक मिळतातच. म्हणजे ही फार तर साडेतीन महिन्यांची भर. गरज नसताना तेवढीही नको, पण गरज असताना टाळण्याइतकी ती मोठी नाही. दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तर मात्र टेबलावर झोपण्याआधीच सांगायचं, कारण इथे किरण थेट ओटीपोटातून जातात.

खरा घात होतो तो उशिराने. म्हातारं माणूस मोरीत घसरतं, घरातले तेल लावून चोळतात, कुणी पाय ओढून ‘बसवून’ देतं. पडल्यावर एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं असेल, तर खुबा मोडल्याची दाट शंका घ्यावी. चोळू नये, उभं करू नये, सरळ एक्स-रेला न्यावं. ‘चालता येतंय म्हणजे मोडलेलं नाही’ ही समजूतही खोटी. हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील, तर माणूस लंगडत का होईना, चार पावलं टाकतो.

याच्या उलट, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणंही चुकीचं. बारीक तडा पहिल्या फिल्मवर कधी कधी दिसतच नाही. पाय टेकवताना कळ तशीच राहिली, तर डॉक्टर एमआरआय किंवा सीटी सांगतात, ते उगाच नव्हे.

असं निर्धास्त न होण्याला आपल्या सातपुड्याच्या भागात आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. त्यात मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून तो गोल हळूहळू मरू लागतो. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो. फिल्मवर बदल उमटेपर्यंत गोल चपटा व्हायला लागलेला असू शकतो. स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने आणि अति दारूनेही हेच होतं. म्हणून घरात कुणाला सिकलसेल असेल किंवा सांधेदुखीवर कुणाकडून अनोळखी पुड्या (त्यांत स्टेरॉइड असू शकतं) घेतल्या असतील, तर तसं डॉक्टरांना सांगावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

दुखणं कुठे आहे, हे बोटाने दाखवावं. नुसतं ‘कंबर दुखते’ म्हटलं तर फिल्म मणक्याची निघू शकते. खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, कधी तर गुडघ्यातच. लहान मूल गुडघा धरून लंगडत असेल तर खुबाही तपासायला हवा.

उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. आधीच्या ऑपरेशनचा रॉड किंवा वाटी असली तरी एक्स-रे निघतो. काढून ठेवायचा तो करदोडा, चांदीचा छल्ला, ताईत, खिशातली नाणी आणि चुन्याची डबी. हे सगळं नेमकं खुब्याच्या आसपासच असतं आणि फिल्मवर पांढरा डाग पाडतं. टेक्निशियन दोन्ही पायांचे अंगठे किंचित आत वळवायला सांगतो, कारण त्यामुळे हाडाची मान पूर्ण लांबीने दिसते. पाय मोडल्याची शंका असेल तर मात्र तो जबरदस्तीने वळवायचा नसतो. जांघेवर शिशाचं कवच ठेवलं नाही म्हणून भांडू नये. ते कवच हवं तेच हाड झाकतं, आणि बऱ्याच देशांत ते ठेवण्याची पद्धत आता बंद होत आली आहे.

खिडकीला फिल्म लावून मोबाइलवर काढलेला फोटो पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना पाठवतात. त्यात ट्यूबलाइटची चकाकी येते आणि बारीक तडा हरवतो. त्यापेक्षा डिजिटल सेंटरवर मूळ फाइल मागावी. जुनी फिल्मही टाकू नये. सांधा वर्षभरात किती झिजला, हे जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावल्यावरच डॉक्टरांना कळतं.